बायोडेटातला फोटो एआयचा, आणि रविवारी मुलगा बघायला येतोय

ताई, मी २९ वर्षांची, मुलुंडला राहते, ऐरोलीला जॉब. घरात वर्षभर माझ्या लग्नाचं चाललंय. मला फोटो काढून घ्यायला आवडत नाही, सेल्फीत नाक एवढं मोठं दिसतं की मी डीपीला पण फुलाचा फोटो ठेवलाय. मागच्या आठवड्यात मावशीने फॅमिली ग्रुपवरचे माझे दोन सेल्फी उचलले आणि कुठल्याशा एआय ॲपमध्ये टाकून पाच मिनिटांत माझे चार फोटो बनवले. हिरवी पैठणी, नथ, अंबाड्यावर गजरा, मागे वाड्याचा दरवाजा. मला न विचारता बायोडेटाला लावून दोन वधू-वर ग्रुपवर टाकले पण. आता ठाण्याचं एक स्थळ आलंय, मुलाशी दोनदा फोनवर बोलले, खरंच छान वाटला, रविवारी ते लोक घरी येतायत. पण फोटोतली मी माझ्यापेक्षा दोन शेड गोरी आहे, गाल आत गेलेत, ओठावरचा तीळ गायब. मावशी म्हणते सगळेच करतात, आमच्या वेळी स्टुडिओवाले पण टचअप करायचेच. आई म्हणते येऊ देत, बघितल्यावर कळेलच. आणि खरं सांगू का, मला तो फोटो आवडलाय. आता आरशात बघितलं की आधी तीळच दिसतो. काय करू?
– मुलुंडची एक वाचक

अगं, सगळ्यात आधी त्या मुलाला सांगून टाक, आजच, रविवारपर्यंत थांबू नकोस. बाकी सगळं आपण सावकाश बोलू पण हे आधी.

आई म्हणते बघितल्यावर कळेलच, ते बरोबरच आहे, कळेलच. पण त्या कळण्याच्या वेळी तू तिथे पोह्यांच्या बश्या घेऊन उभी असणार आहेस आणि समोरचे चार लोक तुझ्याकडे बघतायत का फोटोशी ताडून बघतायत हे तुला कळणार नाही, आणि ते काहीही बोलले, अगदी साधं "प्रवासात दमलीस का गं" जरी विचारलं, तरी तुला वाटेल की यांना मी काळी वाटले. तो पूर्ण तास तुझा जाईल. ज्या मुलाशी दोनदा फोनवर छान बोलणं झालं त्याच्याशी समोरासमोर पहिल्यांदा बोलायचा तो तास आहे, तो असा घालवायचा नाही. आणि त्याच्या बाजूनेही बघ ना, त्याला तू आवडशील, रंगाचं त्याला काही नसेलही, पण पहिल्याच भेटीत आपल्याला काहीतरी वेगळं दाखवलं होतं एवढं त्याच्या डोक्यात राहील आणि मग पगार, शिक्षण, पत्रिका, सगळ्याकडेच तो तसा बघायला लागेल. दोष त्याचा नसेल.

मेसेज छोटा कर. असा काहीतरी: "हाय, रविवारच्या आधी एक सांगायचं होतं. बायोडेटातले फोटो घरच्यांनी एआय ॲपवर बनवलेत, मी प्रत्यक्षात तशी दिसत नाही. हे माझे या आठवड्यात काढलेले साधे फोटो पाठवते. तुझेही साधे दोन-तीन पाठव. रविवारी भेटूच." बस. सहा वेळा सॉरी लिहू नकोस, मावशीचं नाव घेऊ नकोस, ती रविवारी तिथे असणारच आहे आणि तिला त्या लोकांसमोर अवघडल्यासारखं व्हायचं काही कारण नाही. त्याचे फोटो मात्र माग. आजकाल मुलांचे फोटोसुद्धा काही कमी घासूनपुसून येत नाहीत, आणि मागितल्याने दोघं एका पातळीवर येता.

आता मावशीचं म्हणणं. ती खोटं बोलत नाहीये. पूर्वी दादरला, गिरगावात, लालबागला स्टुडिओत जाऊन लग्नासाठी फोटो काढायचे तेव्हा मागे रंगवलेला पडदा असायचा, चेहऱ्यावर पावडर थापलेली असायची, आणि निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून मुरुमांचे डाग, डोळ्याखालची काळी वर्तुळं घालवायचे, ते काम करणारी माणसं स्टुडिओत असायची. तेव्हाही मुलगी गोरी दिसावी म्हणून लाइट जास्त मारायचे, हे मावशीने पाहिलेलं आहे, म्हणून तिला यात नवीन काही वाटत नाही. पण त्या फोटोत काहीही केलं तरी स्टुलावर मुलगी स्वतः बसलेली असायची. उजेड तिच्या चेहऱ्यावरून कॅमेऱ्यात गेलेला असायचा. तुझ्या पैठणीतल्या फोटोच्या वेळी तू कुठे होतीस? ऐरोलीला ऑफिसात होतीस. ती पैठणी कोणी विणलेली नाही, त्या वाड्याचा दरवाजा कुठल्या गावात नाही, आणि तो चेहरा, हे मावशीला समजावून सांगायला लागेल, तो तुझ्या फोटोला टचअप करून आलेला नाहीये, तो पहिल्यापासून नवीन बनवलेला आहे.

हे कसं होतं ते थोडं सांगते कारण ते समजलं की तीळ का गेला हेही समजतं. पूर्वी टीव्हीवर चॅनल गेलं की स्क्रीनवर मुंग्या यायच्या, आठवतं? ही चित्रं बनवणारी बरीचशी एआय मॉडेल्स, म्हणजे ॲपच्या मागे चालणारे प्रोग्रॅम, तशा मुंग्यांपासून सुरुवात करतात, नुसते इकडेतिकडे पसरलेले ठिपके, आणि मग पायरी पायरीने त्यातला गोंधळ कमी करत जातात, प्रत्येक पायरीला अंदाज बांधायचा की इथे काय असायला हवं. मावशीने काय लिहिलं असेल, सुंदर महाराष्ट्रीयन मुलगी, पैठणी, नथ, आणि सोबत तुझे दोन सेल्फी. मॉडेल त्या दोन सेल्फींतून तुझ्या चेहऱ्याची साधारण ठेवण उचलतं, डोळ्यांमधलं अंतर, हनुवटी, केसांची रेघ, आणि बाकी सगळं त्याने आजवर जे फोटो बघितलेत त्यावरून भरतं. तीळ लहान गोष्ट आहे, बहुतेक चेहऱ्यांवर त्या जागी तीळ नसतो, म्हणून अंदाजात तो टिकला नाही. तुला नको म्हणून काढला असं काही नाही, त्याला तो दिसलाच नसेल किंवा कॅमेऱ्यावरचा डाग वाटला असेल.

याच्या उलटही होतं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये गूगलच्या नॅनो बनाना या फोटो बनवणाऱ्या एआयवर साडीतले फोटो बनवायची लाट आली होती, आपल्याकडे इन्स्टा उघडलं की सगळीकडे शिफॉनची साडी, वारा आणि जुन्या सिनेमासारखा पिवळा उजेड. तेव्हा एका मुलीने सांगितलं होतं की तिने पूर्ण बाह्यांच्या ड्रेसमधला फोटो टाकला होता आणि बनून आलेल्या फोटोत हातावर तीळ होता, जो तिला खरोखरच आहे. लोक घाबरले, ते साहजिक होतं. तर एकीच्या हातावर तीळ आला आणि तुझ्या ओठावरचा गेला, आणि दोन्ही वेळा ॲपने काही अडखळल्याचं दाखवलं नाही, फोटो तितकाच खरा वाटला. अडचण ती आहे.

आणि पाच मिनिटं म्हणालीस ना, त्याचं मावशीला कौतुक वाटलं असेल, मलाही वाटतं, काम म्हणून ते थक्क करणारंच आहे. २०१४ मध्ये इयन गुडफेलो नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दोन नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारे दोन प्रोग्रॅम, एकमेकांविरुद्ध लढवून चित्रं बनवायची पद्धत मांडली, तेव्हा चेहरे अंधुक, शिक्क्याएवढे यायचे. २०१९ मध्ये एक वेबसाइट आली, पान रिफ्रेश केलं की दर वेळी जगात नसलेल्या माणसाचा चेहरा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये स्टेबल डिफ्यूजन नावाचं चित्रं बनवणारं मॉडेल सगळ्यांसाठी खुलं झालं आणि घरच्या कॉम्प्युटरवर हे चालायला लागलं, तेव्हा एका चित्राला वीस, तीस, पन्नास पायऱ्या लागायच्या. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये एसडीएक्सएल टर्बो नावाचं मॉडेल आलं ते एका पायरीत चित्र द्यायला लागलं. म्हणजे टाइप करता करता चित्र बदलतं. आता तर फोनमधल्या ॲपला सांगायचं, चेहरा हाच ठेव, साडी हिरवी कर, झालं. एवढ्या झटपट होतं म्हणूनच कोणी मध्ये थांबून विचारत नाही की अगं हे तिला चालेल का. स्टुडिओत जायचं म्हटलं तर तुला तयार व्हावं लागलं असतं, तू नको म्हणाली असतीस, भांडण झालं असतं, पण तुला कळलं तरी असतं.

रंगाचं वेगळं बोलायला हवं. दोन शेड गोरी हे आपोआप झालं, मावशीने "गोरी" असं लिहिलं नसेल तरीही झालं असतं अशी दाट शक्यता आहे. ही मॉडेल्स इंटरनेटवरून गोळा केलेल्या चित्रांवर शिकतात, २०२२ मध्ये आलेला लायन नावाचा एक प्रसिद्ध साठा होता त्यात ५८५ कोटी चित्रं आणि त्यांची वर्णनं होती, स्टेबल डिफ्यूजन अशाच साठ्याच्या भागांवर शिकलं. आता विचार कर, इंटरनेटवर "सुंदर भारतीय नवरी" असं खाली लिहिलेले फोटो कोणाचे असतात? दागिन्यांच्या जाहिराती, मेकअपवाल्यांची पानं, हिरोइनी. त्यातल्या किती जणी तुझ्या माझ्या रंगाच्या? मशीन तेच शिकलं. ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने २०२३ मध्ये स्टेबल डिफ्यूजनकडून पाच हजारांहून जास्त चित्रं बनवून तपासली होती, तर चांगल्या पगाराच्या नोकऱ्यांची नावं टाकली की माणसं जास्त गोरी येत होती आणि कमी पगाराच्या कामांची टाकली की सावळी. म्हणजे आपल्याकडच्या बायका स्वयंपाकघरात बसून जे बोलतात, मुलगी छान आहे पण रंगाने जरा, तेच या यंत्रात जाऊन बसलंय, आणि आता कोणी तोंडाने बोलायचीही गरज उरली नाही.

याचा मला राग येतो, लपवत नाही. २०२० मध्ये लोकांनी ऑनलाइन मागणी लावून धरली म्हणून शादी डॉट कॉमने रंगावरून शोधायचा फिल्टर काढला, त्याच वर्षी फेअर अँड लव्हलीच्या नावातून फेअर गेलं. अजून बायोडेट्यात "वर्ण: गोरा / गव्हाळ / निमगोरा" लिहितात म्हणा, पण निदान एक-दोन दारं बंद झाली होती. आणि आता हे पाच मिनिटांचं ॲप मुलीला न विचारता, न सांगता, गव्हाळचं गोरं करून देतं आणि घरातल्या कोणाला त्यात काही बदललंय असं वाटतही नाही, सगळे म्हणतात फोटो किती छान आलाय. मावशीला हे दाखव. तुझा साधा फोटो आणि तो फोटो शेजारी शेजारी लाव आणि विचार, यात काय काय बदललंय सांग. ती आधी नथ म्हणेल, मग साडी. रंगाला यायला वेळ लागेल.

आता ते वाक्य, मला तो फोटो आवडलाय. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लहानपणापासून ज्या चेहऱ्याला सगळे छान म्हणतात त्या साच्यात आपला चेहरा बसवून कोणी समोर ठेवला तर कोणालाही आवडेल. पण तू पुढे जे लिहिलंस की आरशात आधी तीळच दिसतो, ते वाचून मी थांबले. आठवड्याभरापूर्वी तो तीळ तुला दिसत नव्हता ना? तो तुझ्या तोंडावर २९ वर्षं आहे. एका ॲपने तो गाळला आणि तुला तो कमतरतेसारखा दिसायला लागला. म्हणून सांगते, ते चारही फोटो फोनमधून काढून टाक. गॅलरीतून, मग रिसेंटली डिलीटेडमधून पण. ठेवलेस की रोज रात्री उघडून बघशील आणि दर वेळी तुलना होईल, आणि ज्या बाईशी तुलना चाललीय ती नाहीये, तिला झोप कमी पडत नाही, ती सात बावन्नच्या लोकलला लटकत नाही, तिला पाळी येत नाही. तिच्यासमोर कोणीही कमीच ठरेल, ज्या हिरोइनींच्या फोटोंवर ते मॉडेल शिकलं त्या सुद्धा.

आणि तुझ्या नाकाबद्दल. हे वाचून तुला बरं वाटेल. सेल्फीत नाक मोठं दिसतं कारण फोन जवळ असतो, कॅमेऱ्याला नाक कानापेक्षा बरंच जवळ पडतं म्हणून ते फुगतं. २०१८ मध्ये अमेरिकेत डॉक्टरांनी याचं गणित मांडून दाखवलं होतं, १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाकाचा खालचा भाग पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा साधारण ३० टक्के रुंद दिसतो. त्यांनी हे का केलं तर लोक सेल्फी घेऊन नाकाच्या ऑपरेशनसाठी यायला लागले होते. म्हणजे तू इतकी वर्षं ज्याच्यामुळे फोटो टाळतेयस आणि डीपीला फूल ठेवतेयस, ते तुझं नाक नाहीच आहे, ते हाताची लांबी आहे. मावशीने ॲपला दिलेले दोन्ही फोटो सेल्फीच होते, म्हणजे त्याला सुरुवातच चुकीची मिळाली.

तर साधे फोटो काढायचे ते असे. मैत्रिणीला बोलाव, जिच्यासमोर तू मोकळी हसतेस तिला, भावाला नको, भाऊ दोन काढून कंटाळतात. मागचा कॅमेरा, पाच-सहा फूट लांबून, दोनपट झूम करून. सेटिंगमध्ये ब्यूटी किंवा स्मूद असं काही असेल ते पूर्ण शून्यावर आण, कित्येक फोनमध्ये ते आधीपासून चालूच असतं आणि आपल्याला पत्ता नसतो, पोर्ट्रेट मोडमध्ये तर आवर्जून बघ. सकाळी आठ-नऊला खिडकीसमोर उभी रहा, खिडकी तुझ्या पाठीशी नको, एका बाजूला किंवा समोर, आणि घरातली ट्यूबलाइट बंद, ट्यूबलाइट आणि बाहेरचा उजेड एकत्र आला की त्वचा हिरवट राखाडी दिसते आणि मग सगळ्यांना फिल्टर मारावासा वाटतो. घरात जागा नसेल तर गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत, किंवा संध्याकाळी साडेपाच-सहाला बाहेर कुठे झाडाखाली, भर दुपारी अजिबात नको, डोळ्याखाली खड्डे पडतात. फोन तुझ्या डोळ्यांच्या रेषेत धरायला सांग, वरून नको, वरून काढला की कपाळ मोठं आणि हनुवटी छोटी होते. कपडे तुझे नेहमीचे, कॉटनची साडी नेसत असशील तर ती, नसशील तर कुर्ता. पैठणीची काही जबरदस्ती नाही. मैत्रिणीला सांग बोलत राहा आणि मध्ये मध्ये काढत राहा, पोज दिलेले फोटो ताठ येतात.

निवडायचे मात्र मैत्रिणीने. तू निवडलेस तर पुन्हा तेच होईल. आपण स्वतःला आरशात उलटं बघत आलेलो असतो, भांग डावीकडचा उजवीकडे, म्हणून फोटोतला आपला सरळ चेहरा आपल्यालाच जरा चमत्कारिक वाटतो, बाकी जगाला तो रोजचाच असतो. तिला सांग, मी जशी दिसते तसे तीन निवड, आणि ती जे देईल ते पाठव. त्यात उजेड थोडा वाढव, कडेची बादली क्रॉप कर, ते चालतं, त्याने माणूस बदलत नाही.

ॲपच्या बाबतीत अजून एक. गूगलच्या ॲपवर बनवलेले असतील तर त्या फोटोंत सिंथआयडी नावाची डोळ्यांना न दिसणारी खूण असते, मावशीने कोपऱ्यात गूगल लावतं ती छोटी चांदणी क्रॉप केली असेल तरी ती आत राहते, आणि आता कोणीही तो फोटो गूगलच्या जेमिनी या एआयला देऊन विचारू शकतं की हा गूगलच्या एआयने बनवलाय का. ठाण्याच्या मुलाची बहीण हे सहज करू शकते. मुली करतातच, स्थळ आलं की पहिलं सगळं शोधून काढतात, आणि ते बरोबरच आहे. फेब्रुवारी २०२६ मध्ये केंद्र सरकारने आयटी नियमांत बदलही केलेत, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या एआय फोटो-व्हिडिओला तसं लेबल लावायची जबाबदारी प्लॅटफॉर्म आणि ॲपवाल्यांवर आलीय, उजेड-रंगाच्या साध्या दुरुस्तीला त्यात सूट आहे. मावशीला पोलीस पकडायला येणार नाहीत, घाबरवू नकोस तिला, पण दिवसेंदिवस हे लपून राहणं कठीण होणार आहे एवढं सांग.

मला जास्त काळजी त्या दोन ग्रुपची वाटते. मावशीने तिकडे तुझा फोटो टाकला, आणि सोबत बायोडेटा, म्हणजे तुझं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, घरचा पत्ता, कंपनीचं नाव, वडिलांचा मोबाइल. अशा ग्रुपवर शेकडो लोक असतात आणि ते पुढे फॉरवर्ड होतं, ओळखीच्या ओळखीत कुठे जातं ते टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. मावशीने पाच मिनिटांत दोन सेल्फींवरून तुला पैठणी नेसवली, तर ग्रुपवरचा एखादा विकृत माणूस तेवढ्याच वेळात काय करू शकतो ते तुला सांगायला नको. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये रश्मिका मंदानाचा चेहरा दुसऱ्याच एका बाईच्या व्हिडिओवर लावून फिरवला होता, ती नटी म्हणून केवढा गाजावाजा झाला आणि दिल्ली पोलिसांनी पुढे माणूस पकडला. अनिल कपूर दिल्ली हायकोर्टात गेले, अरिजित सिंग आणि आशा भोसले आपल्या मुंबई हायकोर्टात गेले आणि आवाज-ओळख कोणी एआयने वापरू नये असे आदेश घेऊन आले. तुझ्या माझ्यासारखीने हायकोर्टापर्यंत जाण्याची वेळच येऊ नये म्हणून जे करता येतं ते आधी करायचं.

व्हॉट्सॲपवर टाकलेला मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची मुदत साधारण दोन दिवसांचीच असते, ती गेलीय. पण ग्रुपचा ॲडमिन कोणाचाही मेसेज काढू शकतो. मावशीलाच त्यांना फोन करायला लाव, ओळख तिची आहे, सांगायचं की फोटो चुकीचे गेलेत, जुना बायोडेटा काढा, नवीन देतो. ज्यांनी आधीच डाउनलोड केला त्यांचं काही करता येत नाही, ते सोडून द्यायचं. नवीन बायोडेट्यातून पत्ता काढ, "मुलुंड" एवढं पुरे. कंपनीचं नाव काढ, "आयटी कंपनी, ऐरोली" चालेल. जन्मवेळ पत्रिका मागतील तेव्हा द्यायची. फोटो पीडीएफमध्ये नकोच, ज्यांना पुढे बोलायचंय त्यांना वेगळा पाठवायचा, म्हणजे कोणाकडे गेलाय ते आपल्याला माहीत राहतं. मावशीने ज्या ॲपवर केलं तिथे जाऊन ते सेल्फी आणि बनलेले फोटो डिलीट करायचे, आणि सेटिंगमध्ये आमच्या सुधारणेसाठी तुमचे फोटो वापरू का असं काही चालू असेल तर बंद करायचं, मग ॲप काढलं तरी चालेल. नुसतं ॲप अनइन्स्टॉल करून तिकडचे फोटो जात नाहीत.

असं व्हायला नको, पण कधी कोणी तुझ्या चेहऱ्याचा घाणेरडा फोटो बनवून फिरवला तर रडत बसू नकोस आणि त्या माणसाशी चॅटवर वाद घालत बसू नकोस. स्क्रीनशॉट, लिंक, नंबर जपून ठेव, सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर महिलांसाठी वेगळा भाग आहे तिथे तक्रार कर, मुंबईत वेगळी सायबर पोलीस स्टेशन्स आहेत आणि आपल्या हद्दीच्या पोलीस स्टेशनलाही तक्रार घ्यावी लागते. आयटी कायद्यात अशा गोष्टींसाठी कलमं आहेत, आणि फोटो खरा नाही, एआयचा आहे, म्हणून गुन्हा होत नाही असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस.

मावशीशी बोलताना आधी तिला पाणी दे, मग बोल. ती वाईट नाहीये, तिला तुझं लग्न व्हायला हवंय आणि तिच्या हातात एक नवीन खेळणं आलं ज्यात ती घरातल्या सगळ्यांपेक्षा हुशार ठरली, तिलाही त्याचा आनंद होता. तो आनंद मोडू नकोस. तिला दुसरं काम दे, आजोबांचा तो पिवळा पडलेला फाटका फोटो नीट करून दे म्हणावं, साडी घ्यायच्या आधी कुठला रंग कोणाला शोभून दिसेल ते बघून दे, दिवाळीचं कार्ड कर. पण एक गोष्ट अगदी स्पष्ट सांग, आवाज न चढवता, की माझ्या चेहऱ्याचं काहीही करायचं असेल तर आधी मला विचार, ग्रुपवर टाकायच्या आधी तर नक्कीच. लहान भाच्यांच्या बाबतीतही हेच. तिला वाईट वाटेल, दोन दिवस बोलणार नाही कदाचित. चालेल.

आता राहिला तो मुलगा. साधे फोटो बघून त्याने किंवा त्याच्या आईने रविवारचं रद्द केलं तर तुला लागेल, मी लागणार नाही असं म्हणणार नाही, फोनवर छान वाटलेलं माणूस असं गेलं की लागतंच. पण मग ते लोक फोटोतल्या मुलीसाठी येत होते आणि ती त्यांना मुलुंडला आल्यावरही मिळाली नसती. आणि जास्त शक्यता काय आहे सांगू, तो लिहील की बरं झालं सांगितलंस, माझा पण बायोडेटातला फोटो चार वर्षांपूर्वीचा आहे, तेव्हा केस होते.

फोटो उद्या सकाळी काढ, मेसेज आज रात्रीच टाक, फोटो उद्या पाठवते असं त्यात लिहिलंस तरी चालेल. मेसेज पाठवल्यावर मगच आईला सांग, आधी सांगितलंस तर ती थांबवेल.